उचललेल्या पिकअपसाठी स्लाइड-इन कॅम्पर निवडताना: आधी भुईकाटा, मग कारागीर

आमच्या जळगावकडे ‘कॅम्पर’ म्हटले की लग्नाच्या मांडवात ठेवलेला थंड पाण्याचा वीस लिटरचा डबा डोळ्यांसमोर येतो, आणि गाड्यांची थोडी आवड असलेल्या माणसाला त्याच नावाची महिंद्राची पाच आसनी बोलेरो आठवते. या लेखातला कॅम्पर या दोन्हींहून निराळा आहे. पिकअपच्या हौद्यात मागून सरकवून बसवायची, चार पायांवर उभी करून पुन्हा काढून ठेवता येणारी, झोपायची जागा, ओटा, पाणी आणि वीज सामावणारी ती एक छोटी खोली असते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ती तयार विकत मिळते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा ट्रक-टेम्पोची बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावी लागते किंवा बाहेरून मागवावी लागते. दोन्ही मार्गांनी खर्च मोठा असल्यामुळे निवडीतली चूक महागात पडते. त्यातच गाडी आधीच लिफ्ट केलेली असेल, म्हणजे सस्पेन्शन उंचावून मोठे टायर घातलेले असतील, तर चुकीला आणखी चार वाटा फुटतात.

मी स्वतः ही चूक एकदा केली आहे. पहिला कॅम्पर बांधून घेताना कारागिराने वजन ‘साडेचारशे किलोच्या आत’ सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. गाडी चाळीसगावहून कन्नडच्या घाटात चढू लागली तेव्हा वळणावर स्टिअरिंग हातात हलके, जवळजवळ पोकळ लागत होते. रात्री समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारत होता, कारण गाडीची शेपटी बसून दिव्यांचा झोत आभाळाकडे गेला होता. परतल्यावर कापसाच्या एका जिनिंगमधल्या भुईकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यावर, गाडी उभी केली. कॅम्परचे वजन ६४० किलो भरले. याहून वाईट गोष्ट पुढची होती. फक्त पुढची चाके काट्यावर घेतली तेव्हा पुढच्या आसावरचे (ॲक्सलवरचे) वजन कॅम्परविना होते त्याहून सुमारे ७० किलोंनी कमी झालेले दिसले. म्हणून या लेखाचा क्रम गाडीच्या वजनापासून सुरू होतो. कॅम्परच्या नकाशाची पाळी पुष्कळ नंतर येते.

गाडीत खरोखर किती किलो शिल्लक आहेत

आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे आपली वहनक्षमता, असे बहुतेकजण धरून चालतात. कंपनीतून निघालेल्या गाडीसाठी ते बरोबरही असते. तुमची गाडी मात्र तशी राहिलेली नाही. लिफ्ट किट, जाड टायर, लोखंडी बंपर, अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच, हौद्याचे अस्तर हे सगळे रिकाम्या वजनात भर घालते, आणि आरसीवरचे एकूण वजन तेवढेच राहते. लिफ्ट केल्याने गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही, उलट लिफ्टच्या भागांच्या वजनाइतकी ती कमी होते. हे वाक्य मी गॅरेजमध्ये अनेकदा उच्चारले आहे आणि दर वेळी समोरच्याने ‘पण पाटे तर जाड टाकले ना’ असे उत्तर दिले आहे. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, जाड टाकल्याने गाडी कमी बसते, एवढेच. ब्रेक, आस, बेअरिंग, चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा) आणि रिम होते तेच असतात.

म्हणून पहिली पायरी अशी. डिझेलची टाकी पूर्ण भरून, नेहमीची हत्यारे आणि स्टेपनी गाडीत ठेवून, प्रवासात जितकी माणसे बसणार आहेत तितकी बसवून गाडी भुईकाट्यावर न्यावी. तीन मापे घ्यावीत: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाके आणि फक्त मागची चाके. केळी, कापूस आणि धान्याच्या व्यापारामुळे आपल्या भागात भुईकाट्यांची वाण नाही. हंगामाच्या गर्दीत मात्र जाऊ नये, कारण मागे ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना तीन मापे घेऊ देण्याइतका धीर कोणालाच नसतो.

समजा, कागदावर १,००० किलोंची क्षमता असलेली एक पिकअप आहे. लिफ्ट किटचे ४० किलो, पाच मोठ्या टायरांचे मिळून जास्तीचे ४० किलो, बंपर आणि विंचचे ८० किलो, दोन माणसांचे १५० किलो असे वजा केले तर ६९० उरतात. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, आणि अंथरुणे, भांडी, शिधा, गॅस मिळून आणखी ६०. राहिले ५७०. यातले दहा टक्के पदरात राखून ठेवले की कॅम्परच्या वाट्याला जेमतेम ५१० किलो येतात. हौसेने घेतलेल्या दुहेरी कॅबच्या पिकअपांमध्ये आरसीवरची क्षमता मुळातच काही शे किलोंची असते. तिथे हीच वजाबाकी केली तर कॅम्परसाठी उरणारा आकडा इतका लहान येतो की कापडी भिंतींचा हलका सांगाडा आणि गादी यापलीकडे जाता येत नाही. हे कटू आहे, पण ते काट्यावर कळलेले बरे.

कॅम्परची इच्छा खरी असेल आणि गाडी अजून घ्यायची असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धासारखी एकेरी कॅबची, माल वाहण्यासाठीच बनवलेली गाडी घ्यावी आणि ती उचलण्याच्या भानगडीत फारसे पडू नये. तिचा हौदा सपाट असतो, चाकांचे घुमट आत येत नाहीत, आणि टनाच्या वर वजन वाहण्याची तिला सवय असते. दिसायला ती इसुझूच्या व्ही-क्रॉससारखी किंवा टोयोटाच्या हायलक्ससारखी रुबाबदार नाही, हे मान्य आहे.

दहा गोण्यांची चाचणी

कॅम्परवर एक रुपया खर्च करण्यापूर्वी ज्वारीच्या किंवा गव्हाच्या पन्नास किलोंच्या दहा गोण्या हौद्यात घालून गाडी चालवून पाहावी. रिकाम्या गाडीच्या चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून कागदावर लिहून ठेवावे. मग गोण्या भरून तेच अंतर पुन्हा मोजावे. पहिल्या फेरीत गोण्या कॅबच्या पाठीला चिकटवून रचाव्यात आणि दुसऱ्या फेरीत फाळक्याकडे, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडे, सरकवाव्यात. दोन्ही फेऱ्यांत तोच रस्ता घ्यावा, ज्यात थोडा घाट, थोडा खडबडीत शेतरस्ता आणि एक जोराचा ब्रेक असेल. वजन तेच असताना गाडी किती वेगळी वागते हे हातांना आणि कमरेला कळते. पुढचे मडगार्ड दुसऱ्या फेरीत उचललेले आढळले, तर पुढचा भाग शांतपणे वाचावा.

ही चाचणी अपुरी आहे हेही सांगितले पाहिजे. गोण्यांचे वजन तळाशी असते आणि कॅम्परचे वर. गोण्यांनी गाडी नीट चालली म्हणून कॅम्परने चालेलच असे नाही. पण गोण्यांनीच गाडी बसली, तर कॅम्परचा विचार तिथेच थांबवता येतो.

वजनाचा मध्य कुठे पडतो

कॅम्परचे एकूण वजन जितके महत्त्वाचे, तितकाच त्याचा गुरुत्वमध्य महत्त्वाचा. तो मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा थोडा पुढे पडायला हवा. तो आसाच्या मागे गेला की मागची चाके तरफेचा टेकू बनतात आणि पुढची चाके हलकी होतात. हिशेब साधा आहे. कॅम्परच्या वजनाला आसामागच्या अंतराने गुणावे आणि गाडीच्या दोन आसांमधील अंतराने भागावे. माझ्या कॅम्परचे वजन ६४० किलो, मध्य आसामागे ३५ सेंटीमीटर आणि गाडीच्या आसांमधील अंतर ३.०९ मीटर होते. उत्तर ७२ किलो येते. पुढच्या आसावरून तेवढे वजन उचलले गेले आणि मागच्या आसावर ६४० ऐवजी ७१२ किलो बसले. काट्यावर दिसलेली ७० किलोंची घट हीच.

ही चूक कशी घडते? दुहेरी कॅबच्या गाडीचा हौदा दीड मीटरच्या आसपास असतो आणि मागचा आस त्या हौद्याच्या मध्याजवळ येतो. कॅम्पर त्याहून लांब केला की जास्तीची लांबी फाळका काढून मागे लोंबते. मग कारागीर दाराशेजारी जागा सापडते म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी आणि ओटा तिथेच बसवतो. माझ्या बाबतीत तिन्ही वस्तू मागे होत्या. दुरुस्ती करताना टाकी आणि बॅटरी कॅबच्या पाठीशी, तळाला आणल्या, ओटा निम्मा केला, आणि मध्य आसाच्या पुढे आला.

निवडताना विक्रेत्याकडून दोन आकडे लेखी मागावेत: पाणी आणि गॅस भरलेल्या स्थितीतले वजन, आणि कॅम्परच्या पुढच्या भिंतीपासून गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर. दुसरा आकडा विचारल्यावर समोरचा माणूस गोंधळला, तर त्याने तो कधी मोजलेला नाही असे समजावे. तयार कॅम्परचा मध्य आपल्यालाही शोधता येतो. जाड गोल पाइपवर कॅम्पर आडवा टेकवून तो कुठे तोल धरतो ते पाहावे, अर्थात चारही पाय जमिनीच्या जवळ ठेवून आणि दोन-तीन माणसे आधाराला घेऊन.

लिफ्टमुळे काय बदलते आणि काय बदलत नाही

सस्पेन्शन लिफ्टमध्ये चॅसीसह सगळी गाडी आसापासून वर जाते. बॉडी लिफ्टमध्ये चॅसी जागेवर राहते आणि कॅब व हौदा मध्ये ठोकळे घालून वर उचलले जातात. कॅम्परच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. कॅम्पर चॅसीला बांधायचा असेल तर बॉडी लिफ्टमुळे बांधणीची लांबी वाढते आणि त्या ठोकळ्यांवर जास्तीचा ताण येतो. कॅम्पर बसवायच्या गाडीत बॉडी लिफ्ट असू नये, असे माझे मत आहे.

अनेकांना भीती असते की लिफ्टमुळे कॅबच्या टपावर येणारा कॅम्परचा पुढचा भाग टपाला घासेल. तसे होत नाही. हौद्याच्या तळापासून टपापर्यंतची उंची लिफ्टने बदलत नाही. तरीही टप आणि कॅम्पर यांत किमान पाच-सात सेंटीमीटरची फट ठेवावी, कारण खडबडीत रस्त्यावर कॅब आणि हौदा वेगवेगळे डुलतात. टपावर कॅरिअर किंवा लाइटबार असेल तर तो आधीच काढावा.

बदलतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट पायांची. कॅम्पर गाडीतून काढताना त्याचा तळ हौद्याच्या तळापेक्षा आठ-दहा सेंटीमीटर वर उचलावा लागतो, तेव्हाच गाडी खालून पुढे निघते. गाडी दहा सेंटीमीटर उचललेली असेल आणि टायरने आणखी तीन दिले असतील, तर पायांना तेवढी जास्त उंची गाठावी लागते. मूळ उंचीच्या गाडीसाठी बनवलेले पाय इथे अपुरे पडतात आणि मग लोक खाली विटा किंवा लाकडी ठोकळे रचतात. पाचशे किलोंची खोली विटांवर उभी करणे हा प्रकार मी पाहिला आहे आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. दुसरी गोष्ट रुंदीची. लिफ्टबरोबर रुंद टायर आणि बाहेर आलेले मडगार्ड येतात, आणि गाडी मागे घेताना ते पायांना घासतात. त्यामुळे दोन पायांमधील मोकळी रुंदी गाडीच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा दोन्ही बाजूंनी किमान दहा सेंटीमीटर जास्त हवी.

तिसरी गोष्ट टायरची. २६५/६० आर १८ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर असतो. २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१. फरक सात टक्क्यांचा आहे. वेगाचा काटा ६० दाखवत असताना गाडी खरे तर ६४ च्या वेगाने धावत असते, इंजिनाला प्रत्येक गिअर तेवढा जड पडतो आणि ब्रेकला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. त्यावर पाचशे किलो ठेवले की घाट उतरताना ब्रेक तापण्याची वेळ लवकर येते. टायर निवडताना त्याच्या बाजूवर छापलेला भारांक वाचावा: ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५० किलो, १२१ म्हणजे १,४५० किलो. मागच्या आसाचे काट्यावरचे वजन दोनाने भागावे आणि टायरची क्षमता त्याहून बरीच वर असू द्यावी. टायर आकाराने मोठा आहे म्हणून जास्त वजन पेलतो, हा समज चुकीचा आहे.

चौथी गोष्ट कलंडण्याची, आणि हीच सगळ्यात कमी बोलली जाते. उदाहरणादाखल चाकांमधील रुंदी १.५६ मीटर आणि रिकाम्या मूळ गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटर उंचीवर धरू. अशी गाडी कागदी हिशेबाने ४८ अंशांपर्यंत आडवी कलली तरी उलटत नाही. आता गाडी दहा सेंटीमीटर उचलली, तिचे वजन २,३०० किलो आहे आणि वर ५०० किलोंचा, १.६ मीटर उंचीवर मध्य असलेला कॅम्पर आहे. एकूण मध्य सुमारे ९४ सेंटीमीटरवर जातो आणि तोच कोन ४० अंशांच्या खाली येतो. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि टायर दबत असल्यामुळे आणि वळणावर वेग असल्यामुळे मर्यादा याहून पुष्कळ आधी येते. नाल्याच्या काठाने तिरपी जाणारी वाट आधी सहज पार करणारी गाडी कॅम्पर लादल्यावर तशी राहत नाही, हे चालवणाऱ्याने स्वतःच्या मनाला बजावायला हवे. कॅम्परसाठीच लिफ्ट करायची असेल तर पाच सेंटीमीटरच्या वर जाऊ नये, आणि मागे भारासाठी बनवलेले पाटे घालावेत. पाट्याखाली ठोकळ्यावर ठोकळा रचून उंची साधणे टाळावे. एअरबॅग, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या मदतीला बसवायच्या हवेच्या पिशव्या, गाडी सपाट ठेवायला चांगल्या, पण त्या सगळा भार चॅसीच्या एकाच बिंदूवर देतात. लांब लोंबणारा कॅम्पर, खराब रस्ता आणि फुगवलेल्या एअरबॅग हे तिन्ही एकत्र आले की चॅसी वाकते.

सांगाडा, भिंती आणि आपला उन्हाळा

कॅम्परचे तीन ढोबळ प्रकार आहेत. पक्क्या भिंतींचा, छत वर उचलून बाजूंना कापड असलेला, आणि हौदा काढून त्याजागी सपाट ट्रेवर बसवायचा. तिसऱ्यासाठी गाडीत कायमचा बदल करावा लागतो, म्हणून तो इथे सोडून देतो. पक्क्या भिंतींचा प्रकार धूळ, थंडी आणि चोरी यांपासून बरा, पण जड आणि उंच. उचललेल्या गाडीवर तो बसवला की एकूण उंची सहज तीन मीटरच्या आसपास जाते. उचलत्या छताचा प्रकार मिटलेला असताना टपाच्या वर जेमतेम अर्धा मीटर राहतो, वारा कमी धरतो आणि हलका असतो. लिफ्ट केलेल्या गाडीसाठी मी नेहमी हाच सुचवतो. केळीच्या बागांमधल्या गल्ल्या, गावच्या वेशी, रेल्वेखालचे भुयारी मार्ग आणि शेतावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा या चारही ठिकाणी कमी उंचीचा उपयोग होतो. गाडीची एकूण उंची मोजून ती समोरच्या काचेवर आतून चिकटवून ठेवावी.

बांधून घेताना कारागिराशी पहिली चर्चा पाइपवर करावी. आपले कारागीर ट्रक बांधतात, त्यांना मजबूत म्हणजे जाड असेच वाटते. ४० बाय ४० च्या दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी चौकोनी पाइपचे वजन मीटरला सुमारे २.४ किलो असते. सांगाड्याला साठ मीटर पाइप लागला तर एकट्या सांगाड्याचे १४० किलोंच्या वर झाले. २५ बाय २५ चा १.६ मिलिमीटरचा पाइप घेतला तर तेवढ्याच लांबीचे सत्तरच्या आसपास, आणि ४० चाच पण ॲल्युमिनियमचा घेतला तर पन्नासच्या आसपास होतात. १२ मिलिमीटरच्या प्लायवुडचा आठ बाय चारचा एक पत्रा वीस ते पंचवीस किलोंचा भरतो. फर्निचरसाठी असे पाच पत्रे कधी संपतात ते कळत नाही, म्हणून मापे आणि पत्रे आधी ठरवून घ्यावेत. करारात वजनाचा आकडा लिहावा आणि शेवटचा हप्ता भुईकाट्याच्या पावतीनंतरच द्यावा. हा एक नियम मी आधी पाळला असता तर वरची कहाणी घडली नसती.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या डब्यात त्या दिवसांत दुपारी कोणी बसू शकत नाही, आणि बॅटरीवर एसी चालवण्याचे स्वप्न हिशेबात बसत नाही. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिटपेक्षा थोडी अधिक वीज मावते. हजार वॉटचा एसी ती तासाभरात संपवतो. त्याउलट तीस वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा रात्रभर दहा तास चालला तरी पाव युनिटाहून थोडे अधिक घेतो. त्यामुळे छताला पांढरा रंग, छत आणि भिंतींत फोमचे अस्तर, समोरासमोर दोन खिडक्या आणि छतात गरम हवा बाहेर फेकणारा पंखा यांवर पैसे घालावेत. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा. सातपुड्यात, तोरणमाळला किंवा पालकडे, त्या दिवसांत रात्री चांगलीच थंडी पडते आणि तेच अस्तर तेव्हा उलट्या दिशेने कामी येते.

ओटा आत असावा की नाही, यावर माझे मत ठाम आहे: नसावा. वांगी भाजायची ती काड्यांच्या जाळावर, बाहेर. कळण्याची भाकरी बंद खोलीत थापली तर धूर आणि उष्णता रात्रभर अंथरुणात राहते. मागच्या दाराशेजारी बाहेर सरकणारी फळी आणि एक शेगडी पुरेशी आहे. पाच किलोंचा छोटा सिलिंडर घ्यावा. त्याचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेरच्या बाजूने उघडा हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. झोपायच्या जागेत शेगडी किंवा कोळसा कधीही पेटवू नये.

चढण्या-उतरण्याचाही विचार आधी करावा. उचललेल्या गाडीवर कॅम्परचे दार जमिनीपासून मीटरभर उंच येते. आई-वडिलांना बरोबर न्यायचे असेल तर वीस-वीस सेंटीमीटरच्या पाच पायऱ्या आणि धरायला दांडा लागतो. एका लोंबत्या शिडीवर त्यांची बोळवण करू नये.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदी आणि निर्मात्याची मूळ वैशिष्ट्ये यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याचा कडक अर्थ लावला आहे. उंच लिफ्ट आणि मोठे टायर यांचा प्रश्न इथेच सुरू होतो, कॅम्पर नंतर येतो. हौद्यात ठेवून बांधलेली, काढता येणारी वस्तू आणि चॅसीला वेल्डिंग करून जोडलेली बांधणी यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला परवानगीशिवाय हात घालू नये, आणि पहिल्याबाबतही आपल्या आरटीओला फोटो व मापांसह लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. कलम १९४ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी २०,००० रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपलीकडे जाणाऱ्या मालासाठीही २०,००० ची तरतूद आहे. मागे लोंबणाऱ्या भागाला नियमांत आसांमधील अंतराच्या साठ टक्क्यांची मर्यादा आहे. ३.०९ मीटरच्या गाडीला ती मागच्या आसापासून सुमारे १.८५ मीटर येते. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले गेले तर ते कॅम्परवर पुन्हा लावावे लागतात. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी अडचण येते. गाडी धावत असताना कॅम्परमध्ये कोणीही बसू नये. अभयारण्याच्या हद्दीत, पाल किंवा पाटणादेवीसारख्या ठिकाणी, रात्री मुक्कामापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.

बांधणे, पहिला प्रवास आणि उतरवून ठेवणे

हौद्याच्या तळावर जाड रबरी चटई अंथरावी. प्लास्टिकच्या अस्तरावर कॅम्पर घसरतो. चार कोपऱ्यांतून टर्नबकलने, म्हणजे फिरवून ताण देता येणाऱ्या दुहेरी आट्यांच्या हुकाने, बांधताना पुढच्या जोडीचा ओढ पुढे आणि खाली, मागच्या जोडीचा मागे आणि खाली असावा. हौद्याच्या पत्र्यातल्या हुकांना बांधू नये, ते भाजीच्या क्रेटसाठी असतात. चॅसीला बोल्टने लावलेल्या कंसांना (ब्रॅकेटना) बांधावे. टर्नबकल फार आवळले तर हौद्याच्या कडा वाकतात आणि सैल ठेवले तर कॅम्पर उड्या मारतो. हाताने घट्ट करून वर अर्धा फेरा, एवढे पुरते. पहिल्या पंचवीस किलोमीटरवर थांबून सगळे पुन्हा तपासावे, मग शंभरावर. हेडलाइटचा कोन भिंतीसमोर गाडी उभी करून भरल्या वजनाने पुन्हा लावावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर कॅम्परसह उतरू नये, मग गाडी फोर बाय फोर का असेना. ती माती वजन पाहते आणि टायरची नक्षी दोन फेऱ्यांत भरून टाकते.

घरी आल्यावर कॅम्पर उतरवताना जमीन सपाट आणि टणक निवडावी. चारही पाय थोडे थोडे करून आळीपाळीने उचलावेत, एका बाजूचे दोन पाय एकदम वर नेऊ नयेत. गाडी खालून निघाली की कॅम्पर तसाच उंच टांगून ठेवू नये, तळ लाकडी ओंडक्यांवर टेकेपर्यंत खाली आणावा. मे-जूनच्या संधीकाळात येणारे जे वादळ उभ्या केळीच्या बागा आडव्या करते, ते चार लांब पायांवर उभ्या असलेल्या रिकाम्या खोलीलाही सोडत नाही. खळ्यात ठेवत असाल तर छत मिटवून, पाण्याची टाकी भरलेली ठेवून, आणि चारही कोपरे जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना दोराने बांधून ठेवावेत.